चौदा पट्ट्यांचा वाटा

तोंडात नळी असली की माणसाला बोलता येत नाही. म्हणून नळी जायच्या आधी आणि निघाल्यावर तो दुप्पट बोलतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. पनवेलला एका पोटाच्या डॉक्टरांकडे मी एन्डोस्कोपीची सिस्टर होते. एवढे किस्से येतात कुठून, असं मला लोक विचारतात. अहो, येत नाहीत, साचतात! पेशंट न्यायला विसरतात ते रिपोर्ट साचतात ना ड्रॉवरमध्ये, तसे. ड्रॉवर निदान दिवाळीच्या साफसफाईत रिकामा व्हायचा.

आम्ही माणसं तीनच. डॉक्टर, ज्यांना मी सर म्हणते. मी मंगल, राहायला कामोठ्याला. आणि रिसेप्शनला शबाना, जिला निम्म्या पनवेलचे आजार तोंडपाठ होते.

दोन हजार दहाच्या आसपासची तीन वर्षं मला नीट आठवतात, कारण तेव्हा आम्हा दोघींच्या जिवाला एकच घोर होता. सरांचे वडील पोटाच्या कॅन्सरने गेले होते, चौपन्नाव्या वर्षी. सर तेव्हा एकावन्नचे. दुपार झाली की पोटावर हात दाबून बसायचे. दुसऱ्यांच्या पोटात आयुष्यभर डोकावलेला हा माणूस, पण स्वतःच्या पोटात नळी घालू द्यायला काही तयार नव्हता.

*

क्लिनिक एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर. खाली फरसाणवाला. म्हणजे वर रात्रीपासून उपाशी ठेवलेला पेशंट आणि खाली मूगभज्यांचा घाणा. पेशंटचं काय होत असेल ते तुम्हीच समजा.

एकदा एक सरकारी ऑफिसातले साहेब आले. आल्यापासून आपण किती शिस्तीचे आहोत ते शबानाला सांगत होते. रात्री साडेसातला जेवलो, त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही, बाकीचे लोक नियम पाळत नाहीत म्हणून देशाचं असं झालंय, वगैरे. त्यांच्या नंबरला उशीर झाला. तेव्हा जरा पाय मोकळे करतो म्हणून खाली उतरले आणि दहा मिनिटांत परत आले.

त्यांना आडवं केलं, घशात स्प्रे मारला, नळी आत गेली. टीव्हीवर पोट दिसलं आणि पोटात भजी. शेजारी तळलेली मिरची, अख्खी. सरांनी शांतपणे नळी बाहेर काढली, हातमोजे काढले. साहेब उठून बसले, तोंड पुसलं आणि खाली मान घालून म्हणाले, "एकच खाल्लं हो."

"दोन आहेत," सर म्हणाले. "मिरची वेगळी."

*

आमच्याकडे बरेच जण यायचे ते एका जंतूपायी. त्याचं पूर्ण नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी, आम्ही नुसतं पायलोरी म्हणायचो. पोटातल्या ॲसिडमध्ये बाकी कोणी टिकत नाही, हा मजेत राहतो. त्याला ओळखायची युक्ती साधी. पोटाच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढायचा आणि पिवळ्या औषधात टाकायचा. औषध पिवळंच राहिलं तर ठीक. गुलाबी झालं तर पायलोरी आहे. ती डबी सांभाळायची जबाबदारी माझी.

नवीन पनवेलचं एक जोडपं आलं होतं. नवऱ्याला वीस वर्षांची जळजळ. आणि वीस वर्षं ते बायकोला ऐकवत आलेले, तुझ्या फोडणीनेच माझं पोट गेलं. आमच्यासमोरही तेच चालू होतं. बाई बिचारी पर्स मांडीवर धरून गप्प बसलेली.

त्यांची डबी दहा मिनिटांत गुलाबी झाली. सरांनी समजावलं, हा जंतू आहे, फोडणीचा यात दोष नाही. हा बहुतेक लहानपणीच अंगात शिरतो, घरातल्या घरात, एकाच्या ताटातून दुसऱ्याच्या ताटात. म्हणजे लग्नाच्या कितीतरी आधी, तुमच्या आईकडे असतानाच आला असणार.

बाई पहिल्यांदाच बोलल्या. "डॉक्टर, एवढं जरा लेटरहेडवर लिहून द्याल? खाली शिक्का मारून."

सरांनी दिलं लिहून. शिक्का मी मारला, आणि अगदी मनापासून मारला.

*

आता सरांची तऱ्हा सांगते. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या डाव्या खिशात कायम ॲसिडिटीच्या चघळायच्या गोळ्या. दोन पेशंटच्या मध्ये एक गोळी तोंडात. पेशंटला सांगायचं, असं गोळ्या चघळून दुखणं झाकू नका, आधी तपासून घ्या. आणि पेशंट वळला की स्वतः कडकड चावायची.

कोट धुवायला नेणारा इस्त्रीवाला एक दिवस वर आला. गडी जरा लाजरा, शबानाला हळूच विचारायला लागला, डॉक्टरसाहेब संध्याकाळी कुठे शिकवायला जातात का? शबानाने विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, "दर वेळी खिशात खडूचा चुरा निघतो."

शबाना हसून हसून बेजार झाली. मी सरांना सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. त्यांचे वडील शाळामास्तर होते. दूध आणि सोडा पिऊन त्यांनी बारा वर्षं काढली होती आणि घरात सगळे त्याला साधं पित्त म्हणत होते. तेव्हा हा जंतू कोणाला माहीतच नव्हता. हे सरांनी मला त्याच दिवशी सांगितलं आणि वर, पुढच्या सोमवारी माझी पण करून टाकू, असंही म्हणाले.

पुढचा सोमवार म्हणजे काय, ते शबानाला विचारा. सोमवारच्या यादीत ती पहिलं नाव सरांचं लिहायची, पेन्सिलीने. सोमवारी सकाळी सर म्हणायचे, आज गर्दी आहे, पुढच्या. की हिने रबर घेतलं. असं किती महिने चाललं असेल! शेवटी एका सोमवारी खोडता खोडता तो कागदच फाटला. मला तर इतका राग यायचा ना, की वाटायचं यांना धरून बांधावं आणि नळी घालावी. पण नळी घालणारे तेच, मग करायचं काय?

*

एका शनिवारी नर्सिंगच्या सहा मुली क्लिनिक बघायला आल्या. सरांना शिकवायची भारी हौस. त्यांनी सुरुवात केली. हा पायलोरी वर्षानुवर्षं पोटाच्या अस्तराला सूज ठेवतो. त्या सुजेत पेशींच्या डीएनएवर मिथाइल नावाच्या बारीक खुणा चिकटत जातात. डीएनएची अक्षरं बदलत नाहीत, तीच राहतात. पण जिथे खुणा दाट बसल्या, तो जीन बंद पडतो. आणि पेशींना आवर घालणारे जीनच असे बंद पडले, की पेशी मोकाट सुटायची भीती. पायलोरी असलेल्या सगळ्यांना कॅन्सर होत नाही, थोड्यांनाच होतो, पण त्याच्या वाटेवर या खुणा असतात. याला एपिजेनेटिक बदल म्हणतात.

मुलींचे चेहरे कोरे. माझाही.

मग सरांनी भिंतीवरचं एक बटण बंद केलं आणि त्यावर बँडेजची चिकटपट्टी लावली. म्हणाले, वायर शाबूत, पंखा शाबूत, बटणही शाबूत. फक्त बंद करून वर पट्टी लावलीय. आता पंखा फिरेल का? मुलींनी माना हलवल्या आणि वहीत पट्टीचं चित्र काढलं. छान झाला तास.

मुली गेल्या, पट्टी राहिली. ते बटण नळ्या धुवायच्या खोलीतल्या पंख्याचं होतं, जो औषधाचा वास बाहेर फेकतो. सोमवारपर्यंत तो तास माझ्या डोक्यातून पार गेला होता. एवढंच आठवलं, की पट्टी सरांनी लावलीय, म्हणजे शॉक बसत असणार. शबानालाही तसंच वाटलं. तिने काळ्या पेनाने वर लिहिलं, "हात लावू नये". तीन आठवडे मी त्या वासात डोळे पुसत नळ्या धुतल्या. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने पाटी वाचली, बटणाला हात न लावता लांबूनच पंख्याकडे पाहिलं आणि मोटर गेली म्हणून सांगितलं!

मोटरचं ऐकून सर आत आले. विचारलं, ही पट्टी कोणी लावली? मी म्हटलं, तुम्हीच. त्यांनी एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा माझ्या लाल डोळ्यांकडे, आणि त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका.

"मंगल, हेच ते! लावणारा कधीच विसरून गेला, पट्टी मात्र काम करतेय. औषधाने जंतू मेला, की काही खुणा पुसट होतात आणि काही अशाच राहतात. म्हणून तर जंतू गेल्यावरही काही जणांना दर वर्षी बोलवावं लागतं."

मी म्हटलं, ते सगळं खरं, आधी पट्टी काढा. तर म्हणाले, असू दे, पुढच्या मुलींना दाखवायला होईल. मग मी ती उचकटून कोपऱ्यातल्या एका बिनकामाच्या बटणावर लावली आणि पंखा सुरू केला.

*

हिरामावशी आमच्याकडे आली ती त्यानंतर दोन महिन्यांनी. उरणकडची कोळीण, पनवेलच्या बाजारात मासळी विकायला बसायची. वय साठीचं, आवाज दोन गल्ल्या ऐकू जाईल असा, आणि सरांना पहिल्या दिवसापासून अरेतुरे. तिचा सख्खा भाऊ पोटाच्या कॅन्सरने गेला होता. तिचीही जळजळ जाईना, म्हणून सुनेने जबरदस्तीने आणलं होतं.

तिची डबी तर माझ्या हातातच गुलाबी झाली. तुकडा तपासणीला गेला, त्याचा रिपोर्ट आला की पोटाच्या अस्तराची जात बदलायला लागली आहे. कॅन्सर नाही, पण त्या रस्त्याला लागलेलं आहे. सरांनी तिला पायलोरीच्या गोळ्यांचा डबा दिला. चौदा दिवसांच्या चौदा पट्ट्या, एका पट्टीत सकाळ-संध्याकाळच्या मिळून सहा गोळ्या. आणि नेहमीप्रमाणे समजावलं, की हा जंतू घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

दीड महिन्याने ती पुन्हा तपासायला आली. डबी पुन्हा गुलाबी. सरांना कळेना. मावशी, गोळ्या घेतल्या का? घेतल्या. सगळ्या? सगळ्या संपल्या. एकही चुकली नाही? नाय.

मग मीच विचारलं, किती दिवस घेतल्या?

"दोन दिस," मावशी म्हणाली. "घरात सात मानसं, चौदा पट्ट्या. परत्येकाला दोन."

सर खुर्चीत बसले. मावशीला त्यात काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. ती सरांनाच समजावायला लागली. "तूच बोल्लास ना, सगल्या घरात फिरतो म्हनून? आमच्या होरीवर म्हावरा आला का पयले वाटं घालतो. एकट्यानं खायाची रीत आमच्यात नाय." घरातला आठवा म्हणजे नातू, तो लहान म्हणून त्याला वगळलं होतं, तेवढी मात्र देवाची कृपा.

त्या दिवशी सर तिच्यावर ओरडले नाहीत, माझ्यावर ओरडले. कारण पेशंटला नीट समजलं की नाही हे बघायचं काम माझं होतं. आणि ते खरंच होतं. अर्धवट गोळ्यांनी जंतू निगरगट्ट होतो, त्यामुळे तिला आता दुसऱ्या गोळ्या लागणार होत्या. घरच्यांना तपासल्याशिवाय गोळी द्यायची नाही, हेही सरांनी तिला तीनदा सांगितलं. पुढच्या आठवड्यात मावशी सगळ्या घराला टेम्पोत घालून घेऊन आली. चौघांना जंतू निघाला. चौघांचे चार डबे आणि मावशीचा पाचवा, प्रत्येकावर मी मार्करने नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात.

या वेळी मावशीने काय करावं? रिकाम्या झालेल्या चौदाच्या चौदा पट्ट्या जाळं शिवायच्या दोऱ्यात ओवल्या आणि पुरावा म्हणून टेबलावर आणून टाकल्या. नंतर तपासलं तेव्हा तिची डबी पिवळीच राहिली. सरांनी सांगितलं, आता दर वर्षी यायचं. ती म्हणाली, किडा मेला ना, मग परत कशाला? सरांनी तिला हाताला धरून कोपऱ्यातल्या बटणापाशी नेलं आणि पट्टी दाखवली. एकदा सांगितल्यावर समजलं तिला, माझ्यापेक्षा लवकर.

"येते वरसाला," ती म्हणाली. "पन तू आसशील ना इथं?"

सर म्हणाले, मी कुठे जातोय. आणि खिशातली गोळी काढून तोंडात टाकली. मावशीने ते पाहिलं.

*

वर्षाने ती आली तो गुरुवार होता. तोवर सरांना चौपन्नावं लागलं होतं. कोट अंगावर सैल व्हायला लागला होता. शबाना यादीत त्यांचं नाव अजून लिहायची आणि आम्ही दोघी त्याबद्दल बोलणं टाळायचो.

अलीकडे दर गुरुवारी सरांच्या हाताखाली शिकून गेलेल्या एक मॅडम खारघरहून यायला लागल्या होत्या, बेलपाड्याजवळ राहायच्या. त्याही एन्डोस्कोपी करायच्या. त्या दिवशी त्यांच्या केसेस उरकल्या होत्या आणि त्या चहाची वाट बघत बसल्या होत्या. मावशीचा नंबर लागला. मी तिला टेबलावर घेतलं, कुशीवर वळवलं, तोंड उघडायला सांगितलं. तिने तोंड घट्ट मिटलं.

मला वाटलं, घाबरली. तर ती उठून बसली आणि सरांकडे बोट केलं. शबानाने बाहेर तिला सगळं सांगून टाकलं होतं, वडील, गोळ्या, पेन्सिल, सगळं. आधी हा झोपेल, मग मी तोंड उघडेन, असं तिचं म्हणणं. सर हसले. आज नको, पुढच्या सोमवारी नक्की, म्हणाले.

मावशीचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा मी खाली आलेला ऐकला.

"माजा भाऊ पन आसाच बोलायचा. शिमगा झाला का जातो. शिमगा झाला, आन मंग त्याला पानीपन गिलता येना."

मग सरांनी शेवटचा उपाय काढला. म्हणाले, अगं पण मी उपाशी नाही, सकाळी खालून भजी मागवून खाल्ली.

दारातून शबाना म्हणाली, "सर, गुरुवारी दुकान बंद असतं."

सरांनी कोट काढून माझ्या हातात दिला. मॅडमनी हातमोजे घातले. सरांच्या घशात स्प्रे मी मारला. मी म्हटलं, नाकाने श्वास घ्या, लाळ गिळू नका, दोनच मिनिटं. हे वाक्य मी त्यांच्याचकडून शिकले होते. नळी आत गेली. टीव्हीकडे बघायचा मला धीर होईना, मी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांनी सगळीकडे फिरवून पाहिलं, गाठ नव्हती. मला रडूच फुटलं, लपवून काय करू. तुकडा मी स्वतः पिवळ्या औषधात टाकला. टेबल पुसून होईपर्यंत तो गुलाबी झाला होता.

मावशी टेबलावर चढली. "आता घाल तुजी नली," सरांना म्हणाली आणि तोंड उघडलं.

तिचा आणि सरांचा, दोघांचे तुकड्यांचे रिपोर्ट पुढच्या आठवड्यात एकाच पाकिटात आले. मजकूरही जवळपास तोच: अस्तर बदलायला लागलंय, कॅन्सर नाही. मावशीचं वर्षापूर्वी होतं तेवढंच होतं, वाढलेलं नव्हतं. मी सरांच्या गोळ्यांचा डबा आणून टेबलावर ठेवला. तर सर म्हणाले, या गोळ्यांनी तोंड कडू होतं, दोन आठवड्यांनी भाचीचं लग्न आहे, ते झालं की सुरू करतो.

मावशी रिपोर्ट न्यायला आली होती, तिने ते ऐकलं. पुढे होऊन डबा उघडला, पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि एकेकीवर बोट ठेवून मोजल्या.

"चौदा हायत. सगल्या तुज्याच. वाटा नाय कोनाला."

मग सरांना विचारलं, जेवलास का? जेवले होते. तिने पहिल्या पट्टीतल्या सकाळच्या तीन गोळ्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. शबानाने पाणी आणलं. सरांनी एकेक करून तिन्ही गिळल्या.

"आ कर," मावशी म्हणाली.

आणि अख्ख्या पनवेलला तोंड उघडायला लावणाऱ्या आमच्या सरांनी तोंड उघडून दाखवलं.